भरीत खाऊन गेलेला वसुलीवाला

वांगं भाजल्याचा वास आला की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. खान्देश सोडून पोटासाठी आलो, त्या परमुलखातल्या लिंबायत वस्तीतल्या आमच्या खोलीत आई भरीत करत होती आणि माझ्या रिक्षाचे हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीचा वसुलीवाला दारात उभा राहून हिंदीत ओरडत होता. आई घाबरून अहिराणीत काहीतरी पुटपुटली, तसा तो एकदम नरमला. "माय, मी बी खान्देशनाच शे," म्हणत आत आला, भरीत-भाकरी पोटभर जेवला. मी हप्ते रोख हातावर ठेवले. आपल्या माणसाकडे पावती कशी मागायची? पुढे बँकेने घराचं कर्ज नाकारलं तेव्हा कळलं, पैसे कंपनीत पोचलेच नव्हते. क्रेडिट रिपोर्टवर थकबाकी तशीच होती. परवा अनोळखी नंबरवरून कुणी अहिराणीत मायेने बोलायला लागलं आणि मी घाईघाईने फोन कापला. नवा नंबर घेतलेला माझा सख्खा मामा होता तो.