सोमवारचा उपास आन् कॅसेटीतला बाप

हितं येणारे भुताखेताचे अनुभव मी वाचून घेतो. वाचून घेतो म्हंजे दुसऱ्याकडनं. मला अक्षरं येतात, पण वळखायला येळ लागतो, तवर भूत निघून जातंय. तुमच्या भुतांचं एक बरं हाय बघा, सगळी कशी रात्री येतात, वडाखाली उभी ऱ्हातात, पांढरं नेसतात... कुणाचं भूत भर दुपारी चहाच्या टायमाला आलंय, असं कदी ऐकलं न्हाई. म्हणून मी गप होतो. शिवाय माझा असल्या गोष्टीवर इस्वास न्हाई. तवाबी न्हवता. जिवंत माणसांनीच मला इतकं येड्यात काढलंय, की मेलेल्यांना सवडच न्हाई.

पण आता सांगतोच. हसायचं असंल तर माझ्यावर हसा, सवय हाय.

सोलापुरात शुक्रवार पेठेत माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हंजे दोन घरांमदली बोळ, तिला फळ्या मारलेल्या. साळंत मास्तरांनी मला चौथीत बसवलं आन् म्या तितंच बसून ऱ्हायलो. मग कुणीतरी रेडिओवाल्याच्या हाताखाली लावलं. रेडिओ उघडायला झटक्यात शिकलो, बंद करायला लई वर्सं लागली. गिऱ्हाईक रेडिओ न्यायला आला की मी म्हणायचो, "दोन स्क्रू जास्त निघालेत, तेबी घिऊन जावा."

आणीबाणी होऊन गेली त्याच्या फुडची ही गोष्ट. त्या टायमाला सोलापुरात कॉम्प्युटर दोनच माणसांच्या घरात होता, आन् ती दोन माणसं एकमेकांना गाढव समजायची. एक इनामदार सर, कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. त्यांच्या मेव्हण्यानं अमेरिकेतनं सुटे भाग पाठवले, ते सरांनी स्वता जोडले. निळा पत्र्याचा डबा, फुडं बटनांची रांग आन् वर लाल बारके दिवे. टीव्ही न्हाई, टाईप करायला काय न्हाई. बटन वर-खाली, वर-खाली, असं दिसभर करायचं, मग दिवे लुकलुकायचे. गणपतीच्या मखराला यापेक्षा बरे दिवे असतात. दुसरे गड्डम साहेब, इंजिनेर झालेले, घरचे पावरलूम. त्यांच्याकडं नुसती एक हिरवी पाटी होती, डबाच न्हाई, तिच्यावर आकड्यांची बटनं. चादरीवरची नक्षी मशीनला काढायला लावायची, हे त्यांचं येड.

दोघं माझ्या दुकानात जमायचे. का? तर मशीन अमेरिकेच्या करंटवर चालायचं, आन् आपला करंट कमी करून द्यायचा ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळून दिल्ता. पयला गुंडाळला तो पेटला. दुसरा गुंडाळला तो तापायचा, त्याच्यावर आमी चहा ठेवायचो. तिसरा चालला. मग ते मशीनी घिऊनच तितं बसाय लागले.

भांडण रोज एकच. मशीनला चालवणारा जो मूळ प्रोग्रॅम, त्याला ते सिस्टीम म्हणायचे, तो कुटं ठेवायचा?

"माझी सिस्टीम चिपमदीच हाय," गड्डम साहेब म्हणायचे. "बटन दाबलं की मशीन जागं. तुमचं बघा सर, लाईट गेली की येडं. परत पयल्यापासनं शिकवा."

"तुमचं मशीन जन्माला आलं तेवढ्याच अकलेवर मरणार," सर म्हणायचे. "माझी सिस्टीम कॅसेटवर असेल. रोज सुधारता येईल."

"असेल! कदी असेल? गेल्या दिवाळीपासनं असेलच चाललंय."

मग दोघंबी माझ्याकडं बघायचे. "सिद्राम, तू सांग, कुठलं मशीन चांगलं?"

मी म्हणायचो, "मला काय ईचारताय? माझ्यात चिपबी न्हाई आन् कॅसेटबी न्हाई. मला कुणी भरलंच न्हाई."

आता कॅसेटीवरनं आठवलं. आठवलं कसलं, तेच तर सांगायचंय.

आमचे अप्पा, म्हंजे वडील, गिरणीत जॉबर होते, मागांवरचे मुकादम. मागांच्या खडखडाटात जलम गेला, त्यामुळं कानात सांगायची गोष्टबी ते बोंबलून सांगायचे. मला तर बोंबलूनच सांगायचे. पाळी सुटल्यावर घरी यायचे, ताटावर बसायचे, जेवायचे, झोपायचे. आमची अव्वा, आई, तवर बिनजेवणाची बसायची. नवऱ्याच्या आधी जेवायचं न्हाई ही तिची रीत. कदी पाळी वाढायची, कदी युनियनची मिटिंग, ही आपली उपाशी. "तू जेवलीस का?" असं त्या माणसानं जलमात ईचारलं न्हाई. निदान आमाला तरी तसंच वाटायचं.

एकदा एका गिऱ्हाइकाचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला आल्ता. तो बोलतंय का बगावं म्हणून मी नवी कॅसेट घालून रेकॉर्डचं बटन दाबलं, आन् तेवढ्यात अप्पा दारात. त्यांचं बोलणं त्यात उतरलं. ते असं:

"काय ते किर्र किर्र लावलंय सकाळधरनं? बंद कर की! रेडिओ दुरुस्त करतुयास का भाजून खातुयास? ऊठ, घरी चल. तिकडं ती बिनजेवणाची बसलीय."

मग खट्ट. कारण घाबरून मी बटन सोडलं.

त्याच साली अप्पा गेले. लई दिसांनी ती कॅसेट मला घावली, अव्वाला ऐकवली. शिव्या ऐकून ती हसली. पण शेवटचं वाक्य आलं आन् ती टेपजवळ सरकली. "परत लाव," म्हणली. परत लावलं. "शेवटचं तेवढं लाव." तेवढं लावलं. मग म्हणली, "म्हंजे ह्यांना ठावं होतं की."

तवापासनं तिचा सोमवारचा उपास माझ्या दुकानात सुटायचा. दिस कलायच्या आत डबा घिऊन यायची, भाकरी, शेंगाची चटणी, दही. स्टुलावर बसायची. मी कॅसेट लावायचो. "ती बिनजेवणाची बसलीय" झालं, की ही डबा उघडायची. न्हाई ऐकलं तर घास न्हाई. एका सोमवारी लाईट न्हवती, तर डबा तसाच घरी गेला, आन् मंगळवारी सकाळी गायीला गेला.

म्हणून ती कॅसेट मी दुकानातल्या देवाच्या फळीवर ठेवायचो. कॅसेटीच्या पाठीला बारका प्लास्टिकचा दात असतोय, तो मोडला की तिच्यावर दुसरं काय रेकॉर्ड होत न्हाई. तो मी मोडून ठेवल्ता. नाव तेवढं घातलं न्हवतं. लिवायला येत न्हाई म्हणून न्हवं... म्हंजे, तेच कारण.

तर एका ऐतवारी इनामदार सरांची सिस्टीम झाली. सकाळपासनं बटनं वर-खाली करून बोटाला फोड आलेला. आता ती गाण्यासारखी आवाजात कॅसेटीवर उतरवायची, आन् ऐन टायमाला त्यांची कॅसेट रेकॉर्डरनं चावली, सगळी फीत बाहेर. लाईट कवा जाईल नेम न्हाई. लाईट गेली की सगळी मेहनत पाण्यात. मी त्या टायमाला भजी आणायला गेल्तो.

येऊन बघतो तर दोघं एकमेकांच्या गळ्यात पडायचे बाकी. "सिद्राम, उतरली!" सर म्हणले. "तुझ्याकडं फळीवर एक कॅसेट होती, बरं झालं. मागचा दात मोडलेला, पण गड्डमनी काय डोकं चालवलं! सिगारेटच्या पाकिटाचा कागद ठासून भोक बुजवलं. ऐक आता!"

त्यांनी बटन दाबलं. किर्रर्रर्र... चिर्रर्रर्र... असा आवाज, नुसता.

बघा, दोन शिकलेली माणसं. देवाच्या फळीवर उदबत्तीखाली एक कॅसेट हाय, तिचा दात मुद्दाम मोडलाय. कशासाठी मोडला असंल, हे एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई. भोक दिसलं की बुजवायचं. आन् मी काय केलं? त्यांच्या नरड्याला धरलं? न्हाई. मी भजी वाटली. वर ईचारलं, "चटणी पुरंल का?"

भजी संपल्यावर म्हणलं, "सर, त्या कॅसेटीत आधीचं होतं."

"काय होतं?"

"बाप होता."

मग अव्वाचं सोमवारचं सगळं सांगितलं.

सोमवारी दोघं दुपारीच हजर. तोंडं मेलेली. सरांचं म्हणणं, आईला शास्त्र समजावून सांगावं, फितीवरच्या कणांची दिशा बदलली की जुना आवाज पुसतो वगैरे. गड्डम साहेब म्हणले, "त्यापेक्षा सिद्राम, तूच बापाचा आवाज काढ." मी काढला. जीव तोडून बोंबललो. गड्डम साहेब थोडा ईचार करून म्हणले, "शेळीच्या मानानं चांगला हाय."

तेवढ्यात सरांची लाज बघा. म्हणले, "ती येईस्तवर सिस्टीम नीट उतरलीय का तेवढं तपासू या." लावलं मशीन. कॅसेटीतनं किर्र किर्र मशीनमदी चाललं, दिवे लुकलुकाय लागले. शेजारी गड्डम साहेबांचा ट्रान्झिस्टर. त्यांची एक करामत होती, मशीनच्या शेजारी रेडिओ दोन टेशनच्या मदी लावून ठेवला की मशीनच्या कामाची घरघर रेडिओत यायची. त्यातनं त्यांनी सा रे ग म काढलेला. सा बरा होता, बाकीचे आजारी.

आन् अव्वा दारात.

ती स्टुलावर बसली. डबा मांडीवर. "लाव," म्हणली.

मी उगच टेपची वायर हुडकाय लागलो. सरांनी कणांची दिशा सुरू केली, "आजी, त्याचं असं आहे..." ती म्हणली, "तुमी बसा. शिद्या, लाव."

मी कॅसेट मागं नेली आन् लावली. किर्रर्रर्र... चिर्रर्रर्र...

मी म्हणलं, "अव्वा, फीत खराब—"

"गप की! गिरणी चाललीय. आवाजातनं बोलतील ते. मागाजवळनं असंच ऐकू यायचं."

आन् ती कान लावून ऐकाय लागली. आमी तिघं मान खाली घालून उभे. सबंध फीत वाजली. शेवटी खट्ट झालं. रेकॉर्डर बंद.

अव्वानं मान वर केली. मग हळूच म्हणली, "न्हाई बोलले आज." डब्याच्या कडीवरनं हात काढला, डबा पिशवीत घातला आन् उठाय लागली. म्हंजे आजबी उपाशी. आन् फुडच्या सोमवारीबी. आन् त्याच्या फुडच्या...

तवा शेजारच्या ट्रान्झिस्टरमदी खरखर झाली आन् आवाज आला. बोंबलून.

"अजून बिनजेवणाची बसलीस व्हय? जेव की! मी जेवलो."

अव्वा उठता उठता थांबली.

"आन् त्या तिघा येड्यांना सांग, ते किर्र किर्र बंद करा म्हणावं."

बास. मग परत घरघर.

अव्वा "बरं" म्हणली. जसं घरात म्हणायची तसंच. खाली बसली, डबा उघडला, भाकरी मोडली. घास तोंडात घालता घालता आमाला म्हणली, "ऐकलं न्हवं? बंद करा की ते."

गड्डम साहेबांनी सरळ प्लगच उपसला. सरांची सिस्टीम मशीनच्या पोटातनं गेली ती गेली.

आता तुमाला वाटलं असंल, रेडिओ उलटा करून बगितला तर आत सेलच न्हवते. सेल होते. नवे होते. असले फालतू चमत्कार आमच्याकडं होत न्हाईत.

ती गेल्यावर मात्र दोघांचं सुरू झालं. सर म्हणले, आकाशवाणीवरची कामगारांची श्रुतिका असणार. गड्डम साहेब म्हणले, "सर, श्रुतिकेत आपल्याला तिघांना येडं म्हणायला लेखक काय वळखीचा हाय?" त्यांचं मत, फितीवर जुना आवाज पुसट ऱ्हायला असंल, तो तारेतनं रेडिओत गेला. मी म्हणलं, "साहेब, जुन्यात 'ती बसलीय' होतं. हे 'बसलीस' कुठनं आलं? आन् 'मी जेवलो' हे तर फितीवर न्हवतंच. जिवंतपणीबी कदी म्हणले न्हाईत." यावर दोघं गप. दोघं एकाच टायमाला गप, हे मी पयल्यांदा बगितलं. त्याचंच मला जास्त भ्या वाटलं.

फुडं सरांची बदली झाली, मशीन गेलं. गड्डम साहेबांच्या पाटीनं एकदा चादरीवर मोर काढला, तो कोंबडा दिसायचा, चादर अजून माझ्याकडं हाय. कॅसेटबी हाय. भाच्यानं मधी आताच्या कॉम्प्युटरवर लावून बगितली. किर्रबिगर काय न्हाई. ज्याला ईचारलं त्यानं येगळं कारण सांगितलं, आन् एकाचंबी मला पटलं न्हाई. पण मला काय पटायचं, माझ्यात कुणी काय भरलंच न्हाई.

अव्वा त्यानंतर दुकानात कॅसेट ऐकाय कदी आली न्हाई. सोमवारचा उपास धरायची, पण दिस मावळायच्या आत सगळ्यांच्या आधी जेवून मोकळी व्हायची. सुना बोलल्या तर म्हणायची, "ह्यांचं झालंय. मी कुणासाठी थांबू?" जाईस्तवर तिनं तसंच केलं.

मी मात्र लई दिस तो ट्रान्झिस्टर दोन टेशनच्या मदी लावून बसायचो. गड्डम साहेबांकडनं मागूनच आणल्ता. म्हणलं, आपल्याशीबी बोलतील काय तरी, 'शिद्या' म्हणून एक हाक तरी मारतील.

न्हाई मारली. तिघा येड्यांत मी मोजला गेलो, तेवढंच.