दाहिने म्हणजे उजवं

ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना काळे कागद चिकटवल्यापासून आमच्या भिंगारच्या घरात भर दुपारीही दिवेलागणीसारखं असतं. रविवारची कवायत करून आलेय, पोटऱ्या ठणकतायत, भिंतीशी चटईवर आडवी झालेय. बाहेर आई ज्वारी पाखडतेय. सुपाचा आवाज येतो, जातो, येतो, आणि हळूहळू त्याचे बूट होतात. डावा, उजवा, डावा.

मी शाळेच्या मैदानात आहे. समोर बापू उभा आहे, माझा थोरला भाऊ. मागच्या लढाईत तो गेला तेव्हा मी तिसरीत होते. तो तेवढाच आहे, मीच वाढलेय.

"ठमे, एवढी उंच? शिडी गिळलीस काय?"

"नीट बोल. मुलींच्या पलटणीची कमांडर आहे मी."

"तू? दाहिने म्हटलं की डावीकडं वळायचीस."

खरंच आहे ते. सुट्टीवर आला की तो मला अंगणात कवायत शिकवायचा. हुकूम हिंदीत, आणि 'दाहिने' ऐकलं की मला डावाच हात आठवायचा. आता ही लढाई आली, शाळेत सगळ्यांना कवायत लागली आणि पहिल्याच दिवशी 'दाहिने' म्हटल्यावर अख्खी नववी डावीकडे, मी एकटी उजवीकडे. सरांनी तिथल्या तिथे मला पुढे काढून कमांडर केलं.

"मी सगळ्यांना सांगितलं, दाहिने म्हणजे जेवायचा हात. आता एकजणही चुकत नाही. माझा आवाज ऐकायचाय तुला?"

"त्यासाठीच तर आलोय."

इतकं बरं वाटतं की काय सांगू. "सावधान."

त्याची टाच वाजते आणि मैदानाचं आमचं स्वयंपाकघर होतं. मैदानावर आखलेली फक्कीची रेघ थेट चुलीपर्यंत गेलीय. आई भाकरी थापतेय, वर बघत नाही.

"दाहिने मुड."

तो मुद्दाम डावीकडे वळतो, आणि तरी माझ्यासमोरच येतो. गाल आत ओढून हसू दाबतो.

"चुकलास."

"मग कमांडरनं शिक्षा द्यावी."

"थांब इथंच. हीच शिक्षा."

तो थांबतो. चूल आता स्टेशनच्या फलाटावर पेटलीय. गाडी उभी आहे, वाफ त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलीय.

"ठमे, विसर्जन म्हण. हुकमाशिवाय मला जाता येत नाही."

"ठाऊक आहे."

"मग म्हण की. गाडी सुटेल."

"आवाज ऐकायला आलास ना? ऐक. सावधान."

टाच वाजते.

"अगं, पाय अवघडला माझा."

"सावधान."

मीही त्याच्याबरोबर टाच आपटते, पुन्हा, पुन्हा. गाडी हलते. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून डबे जाताना बघतो, पण जागचा ढळत नाही. त्याच्या शर्टाला धुण्याच्या साबणाचा वास येतोय. जिंकले मी, असं वाटतं.

"काय गं हे?" आई सूप घेऊन दारात उभी आहे. "झोपेत भिंतीला लाथा घालतेस?"

माझी टाच लाल झालीय. पायाशी भिंतीचा पोपडा पडलाय, तळहाताएवढा, आणि चटईभर माती. आई केरसुणी आणायला वळते.

"राहू दे, मी काढते," मी म्हणते, आणि पोपडा हातात धरून तशीच बसते.

विसर्जन मी म्हटलेलं नाही. पण उद्या कवायत संपली की साऱ्या पलटणीला ते मोठ्यानं, अगदी वेशीपर्यंत ऐकू जाईल असं, मलाच म्हणायचंय.