प्राप्तची खूण

लाखांदूर तालुक्यातल्या दोनशिक्षकी शाळेत मी चौथीला शिकवत होतो, तेव्हा वरून क्षमताधिष्ठित शिक्षण आलं. आमच्याकडे सगळं वरूनच येतं. तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं. पाठांतराचे दिवस संपले, हे प्रशिक्षकांनी पुस्तिकेतून जसंच्या तसं वाचून दाखवलं. जेवण मात्र चांगलं होतं.

मग तक्ता आला. प्रत्येक मुलाच्या प्रत्येक क्षमतेपुढे 'प्राप्त' की 'अप्राप्त' ते नोंदवायचं. 'प्राप्त'ला नुसती खूण पुरायची. 'अप्राप्त'ला कारण, उपाययोजना, फेरचाचणी आणि वर फोटो. साहजिकच आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांतली मुलं महिन्याभरात हुशार झाली. गटात शिकवल्याचे फोटो मात्र सगळ्यांनाच पाठवावे लागत. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत अर्धा वर्ग शेतावर, चिखलाच्या बांधीत असायचा. तेव्हा हजर असलेल्या चौघांनाच जागा बदलून बसवायचं आणि चार गटांचे फोटो काढायचे.

त्या चौघांत एक मुलगी होती. जोडाक्षर आलं की अडायची आणि पुढचं मनानंच म्हणायची. पूर्वी अशा मुलांना मी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात घेऊन बसायचो. आता त्या वेळात तक्ता भरायचो. तिच्या वाचनापुढेही मी खूण केली. त्याची मला आजही लाज वाटते.

निकालाच्या दिवशी तिची आई आली. रोवण्याला जाणारी, सातवी शिकलेली बाई.

"गुरुजी, हिले वाचता येत नाही. मी घरी पुस्तक देऊन पाह्यलं. अजून एक साल चौथीतच ठेवा."

पाचवी दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत होती. तिथे हिच्यासाठी कोणी थांबणार नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. तरी मी शहाण्यासारखा तक्ता काढला. ठेवता येत नाही, आणि कागदावर तर हिला वाचता येतं, असं सांगितलं.

तिनं माझी खूण नीट पाहिली आणि मुलीचा हात धरून उठली.

"कागदावर येते ना? मंग कागदालेच पाचवीत बसवा."

शाळा उघडली तेव्हा मुलगी माझ्याच वर्गात येऊन बसली. मोठ्या शाळेच्या हजेरीत ती पाचवीत होती. माझ्या तक्त्यात तिचं नावच नव्हतं. तिच्यासाठी भरायला एकही रकाना नसल्यामुळे मला तिला शिकवायला वेळ मिळाला. दिवाळीपर्यंत ती वाचू लागली.