अक्कांनी तपासलेली यादी

चेन्नईच्या प्रयोगशाळेत मी जिवाणूंच्या दोन जनुकांमधल्या जागेत लपलेले छोटे आरएनए संगणकावर हुडकायचो. ते पेशीत खरोखर बनतात का, हे आमच्या तंत्रज्ञ अक्का प्रयोग करून पाहायच्या. त्या मैलापूरहून यायच्या आणि माझ्याशी तंजावरी वळणाचं मराठी बोलायच्या. माझ्या यादीतले पहिले सहा अंदाज चुकले. अक्कांचे कित्येक आठवडे वाया गेले, म्हणून मी माफी मागायला गेलो.

“नाही निघालं, हेही कळायलाच हवं की,” त्या म्हणाल्या. “पुढचं दे.”

सातव्याच्या प्रयोगात फिल्मवर फिकट काळी रेघ उमटली, म्हणजे तो आरएनए पेशीत खरोखर बनत होता. अक्कांनी ती फिल्म आधी माझ्याच हातात दिली. मी ती उजेडासमोर धरून पुन्हा पुन्हा पाहत राहिलो.

“सकाळपासून उपाशी आहेस,” त्या म्हणाल्या. “जेवून घे आता.”