बोडीवरची दोन घरं

स्लॅबखालून बाईचा आवाज येत होता आणि शेजारच्या घराची भिंत आमच्या डोळ्यांदेखत फाटत होती. नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी मी विसरले. तो आवाज विसरले नाही.

अड्याळच्या पलीकडचं गाव. रोवणीचे दिवस, सकाळी दहाचा सुमार. एकाच ठेकेदाराने एकाच जागेवर दोन सारखी दुमजली घरं बांधली होती, मधे जेमतेम सहा हातांची बोळ. त्यातलं पहिलं घर एका कोपऱ्यातून जमिनीत गेलं आणि वरचा मजला खालच्यावर आला. खाली किराणा दुकान होतं. दुकानदाराची बायको आणि आई आत होत्या.

मी तेव्हा पोलीस ठाण्यात हवालदार होते. आवाज बोळीच्या बाजूने येत होता, म्हणून आमचे चार शिपाई आणि गावातली माणसं बोळीत शिरून मलबा काढत होती. त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या घराची ती भिंत. ठाणेदारांनी मला बाजूला घेतलं.

"ठेकेदार आलाय. मला एवढंच हवंय, हे दुसरं घर टिकेल की नाही. टिकणार असेल तर इथूनच बाई लवकर निघेल. नसेल तर सगळे मरतील."

ठेकेदार प्लास्टिकची फाईल घेऊन आला होता. तिथे प्रत्येकाचे पाय चिखलाने भरलेले, याचे बूट कोरडे.

"म्याडम, माती तपासून पाया घेतला आहे. पाच फुटावर कडक मुरूम. हा रिपोर्ट पाहा. पहिल्या घराचं सिमेंट मिस्त्रीनं खाल्लं. दुसऱ्याले काही होत नाही."

तो मिस्त्री बोळीत हातांनी विटा उपसत होता. त्याने मान वर केली.

"सिमेंट खाल्लं असतं त इथं मराले आलो असतो का गा?"

रिपोर्ट इंग्रजीत होता. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, मी तो उलटासुलटा करून परत दिला. तेवढ्यात भाताच्या बांधीतून धावत आलेली एक म्हातारी रोवणारीण माझ्याजवळ आली. हातात धानाच्या रोपांची जुडी तशीच होती.

"बाई, हा मुरूम मुरूम करून रायला, थो पाळीचा मुरूम आहे. घरं त बोडीत आहेत."

बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहान तळं. तीन बाजूंनी मुरमाचा बांध, म्हणजे पाळ, आत वर्षानुवर्षं साचलेला गाळ. ठेकेदाराने ती वरून भरून सपाट केली होती. नवख्याला ओळखू आली नसती.

मी ठेकेदाराला रिपोर्टबद्दल काही विचारलं नाही. म्हटलं, "तपासणीचा खड्डा कुठे घेतला?"

"इथंच, प्लॉटवर."

"बोट नको दाखवूस. चालत जा आणि त्या जागेवर उभा राहा."

तो निघाला. घरांच्या मागे मोहाचं एक जुनं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी जाऊन थांबला. म्हातारी भर आकांतात हसली.

"मोह पाण्यात वाढते का गा, ठेकेदार? थे त पाळ होय!"

मी त्याच्या अगदी समोर उभी राहिले. "बोडीत का नाही खणला?"

"आत गुडघाभर गाळ होता. मशीनवाला म्हणे गाडी फसते. जमीन त एकच आहे, इथंच घेऊ." मग आवाज खाली गेला. "दोन्ही घरांचा पाया त्याच खड्ड्यावरून ठरवला, म्याडम."

मी धावत जाऊन ठाणेदारांना सांगितलं. त्यांनी शिट्टी मारून बोळ रिकामी केली आणि माणसं रस्त्याच्या बाजूला, दुकानाच्या शटरकडे लावली. तिकडून वेळ जास्त लागणार होता. आतली बाई ओरडली, "सोडून चाल्ले का जी?" शटरवर पहिली पहार पडली.

दुसऱ्या घरात एक विणकर आणि त्याची बायको राहत होती. बायको दारात रडत होती. म्हातारा आत मागावर, पाय मागाखालच्या खड्ड्यात. खड्ड्यात घोटाभर पाणी.

"काकाजी, उठा. घर जाते."

"पाणी रोजच येते. लोट्यानं काढतो."

"हा खड्डा खणला तेव्हा काय निघालं होतं?"

"काळा गाळ. शिंगाड्याची टरफलं. ठेकेदाराले सांगतलं, त थो म्हणे, काकाजी, तुमचं नशीब, घरात शिंगाडे पिकवा."

"उठा आता."

"ताणा आहे मागावर. पदर बाकी आहे. उतरल्याबिगर मी हालत नाही."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. छताचा गिलावा सुटून कोसाच्या रेशमी कापडावर पडला. त्याने तो हाताने हळूच झटकला आणि धोटा उचलला. दाराशी विळा लटकत होता. मी तो घेतला आणि ताण्याचे सगळे उभे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कापले.

त्याने माझ्यावर हात उगारला. मग हात खाली आला. बसून राहायला आता काही उरलं नव्हतं. मी बायकोला पुढे घातलं आणि त्याला काखेत धरून बाहेर ओढलं. आम्ही मोहापाशी पोचतो न पोचतो, तोच ते घर बोळीत पडलं. थोड्या वेळापूर्वी तिथे चौदा माणसं वाकून काम करत होती.

पुढे पंचनाम्यात मोहापासून घरांचं अंतर टेपने मोजून लिहिलं. सिमेंटचे नमुने ठीक आले, मिस्त्रीचं नाव संशयितांतून निघालं. ठेकेदाराला शिक्षा झाली. तपासात आलेल्या सरकारी इंजिनिअरने मला समजेल असं सांगितलं: अशा जागी गाळ पूर्ण उपसायचा, नाहीतर खांब खालच्या कडक थरापर्यंत उतरवायचे, नाहीतर तिथे बांधायचं नाही. आणि खड्डे घ्यायचे ते घर जिथे उभं राहणार तिथे, पाय न भिजता जिथे जाता येतं तिथे नाही.

साक्षीदारांच्या बाबतीत मी तेव्हापासून तेच केलं. काय पाहिलंस हे नंतर विचारलं, कुठे उभा होतास हे आधी. पुष्कळ खोट्या साक्षी एवढ्यावरच कोसळल्या.

दुकानातली बाई दुपारी निघाली, ती जगली. एक पाय गेला. तिची सासू आतच मेली होती. विणकर आणि त्याची बायको जगली. म्हातारा त्यानंतर मला बाजारात पुष्कळदा दिसला. एकदाही बोलला नाही.