पहिला आला आणि नापास झाला

मिलिंद शर्यतीत पहिला आला आणि नापास झाला.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून फोन येताहेत, धीर धर म्हणतात. धीर धरून कंटाळा आला. त्यापेक्षा त्या शर्यतीचं सांगते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मिलिंद सातपूरच्या एका कारखान्यात टेम्पररी होता. आमचं जमलंय हे अख्ख्या कॉलनीला माहीत होतं. माझ्या बाबांनाही.

बाबा शाळामास्तर, मूळचे नांदगावकडचे. त्यांचं एकच पालुपद, "पोरगं चांगलं हाय. पण आधी परमनंट होऊ दे, मग बघू."

त्यात मला बँकेतल्या एका मुलाचं स्थळ आलं. बाबांनी त्यांच्याकडे थोडे दिवस मागून घेतले होते.

आणि नेमकं तेव्हाच कारखान्याच्या साहेबांच्या डोक्यात खूळ शिरलं. गंगापूर धरणात पोहायचं. तिथून सायकलवर त्र्यंबकला जाऊन धरणावर परत यायचं. मग गंगापूर रोडने शहरापर्यंत पळायचं.

ट्रायथलॉन हा शब्द आम्ही फार नंतर ऐकला. आमच्यासाठी ती 'तिहेरी'.

ठरलेल्या टाइमच्या आत जो पहिला येईल तो परमनंट, असं साहेबांनी जाहीर केलं.

टाइम ठरला जानेवारीत. पहाटे ट्रायल घेतली, तीही मिलिंदलाच पळवून. गार हवा, वारा पडलेला, रस्ता मोकळा. हा गडी असा सुटला की साहेबांनी त्याचाच टाइम पक्का केला. मिलिंदने स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला आणि वर मला पेढा आणून दिला.

शर्यत थंडीतच व्हायची होती. पण प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळेना. मिळाली ती एप्रिलची.

बरं, भल्या सकाळी सुरू करू म्हणे. पोरं चड्डीवर पाण्याच्या काठाला उभी, आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. आले तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. मग नारळ, मग हारतुरे, मग भाषण. शिस्तीवर.

नाशिकच्या माणसाला सांगायला नको, एप्रिलमध्ये ऊन चढलं की पश्चिमेचा वारा उठतो. त्र्यंबककडे जाताना तो सरळ छातीवर, आणि रस्ता चढाचा. त्यात रस्त्याचं काम निघालेलं. कुठे खडी, कुठे वितळलेलं डांबर. परतताना उतार होता, पण खडीवर सायकल सोडायची सोय नव्हती. वर पंक्चर.

पळताना वारा पाठीमागून. लोक म्हणतात, मग बरंच की. काय बरं? आपण पळतो तसा तोही बरोबर येतो, अंगाला लागतच नाही. मिलिंद म्हणायचा, "भट्टीत पळत होतो, सुनंदा."

शर्यत संपायची त्या मैदानावर मांडव फक्त पाहुण्यांना. आम्ही उन्हात. बघते तर बाबा शेजारी उभे. मी त्यांना बोलावलंही नव्हतं.

मिलिंद आला तेव्हा ओठ पांढरे पडलेले. त्याच्या मागे दूरवर कोणी नाही.

साहेबांनी घड्याळ बघितलं. "पहिला आलास, पण टाइमात नाहीस. नियम म्हणजे नियम."

मिलिंद तसाच वळला. माझ्याकडे येऊन म्हणाला, "त्या बँकवाल्याला हो म्हणून टाक."

"गप बस. आधी पाणी पी." मला इतका राग आला होता की रडू फुटत होतं.

तोवर बाबा मांडवात पोचले होते. वर्गात बोलावं तसे बोलले, "साहेब, जानेवारीचा टाइम एप्रिलला लावता व्हय? आमच्या शाळेत असं केलं असतं तर पोरांनी मला गावात ठेवलं नसतं."

साहेब हसले. बदललं काहीच नाही.

मग बाबा मिलिंदपाशी आले. "मी नुसता उभा होतो तरी चक्कर यायला लागली. तू यातनं पळत आलास. चल, घरी जेवायला."

मी विचारलं, "बाबा, आणि ते बँकवाले?"

"त्यांना नाय म्हणून कळवतो."

"आणि परमनंट?"

"व्हईल तवा व्हईल."

झाला तो, दुसऱ्या कारखान्यात. तोवर आमची थोरली शाळेत जायला लागली होती. मुलांच्या मार्कांवरून मिलिंद कधी ओरडला नाही. पेपर कसा होता, झोप झाली होती का, हे आधी विचारायचा. मी ओरडायचे.

आजार कळला तेव्हा डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून मुदत सांगितली. फार थोडी होती.

मिलिंदने ती जुमानली नाही. नातवाचं नाव ठेवलं. अख्खा आंब्याचा सीझन खाल्ला. माझ्याशी भांडला, मिटवलं, परत भांडला.

मुदतीच्या कितीतरी बाहेर गेला माझा नवरा. आणि मला त्याहूनही उशीर चालला असता.

जय भीम, मिलिंद.

तुझी सुनंदा