वहिनीच्या शेवंतीवरचे दिवे

पुण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशाचा एकेक कण मोजायचं काम चालतं. गावाकडं हे सांगितलं की पहिला प्रश्न येतो, मोजून करता काय? दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पाहुण्यांसमोर हमखास सांगायचा की आमची बहीण उजेड मोजायचा पगार घेती. मी चिडायची. मला चिडायला फारसं काही लागत नाही, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. एकटी वहिनी मनापासून विचारायची आणि उत्तर संपेपर्यंत ऐकायची.

तिला मी एकदा भाकरी थापता थापता समजावलं होतं. दोन ठिकाणच्या दोन माणसांना एकच गुप्त किल्ली हवी असते. लोखंडाची नव्हे, आकड्यांची. ती आम्ही प्रकाशाच्या सुट्या कणांवरून पाठवतो. वाटेत कुणी कण पकडून बघितला, तर बघण्यानंच त्याची स्थिती बिघडते आणि पलीकडच्याला चुका वाढलेल्या दिसतात. विरजण लावलेलं भांडं कुणी सारखं हलवून बघितलं की सकाळी दह्यावरून कळतं, तसंच. वहिनी म्हणाली, म्हंजी चोरून बघितल्यालं लपत न्हाई. मी म्हटलं, नाही लपत, तीच तर आमची भाकरी.

गेल्या वर्षी हा प्रयोग काचेच्या तारेतून बाहेर काढून उघड्या हवेतून करायचं ठरलं. पुण्याच्या हवेत धूळ आणि आभाळात झगमगाट, तिथं सुटा कण कुठला सापडायला! मी म्हटलं, माझं माहेर येडगावला आहे, धरणाच्या पाण्याला लागून. आमच्या घराच्या स्लॅबवरून कण पाठवू आणि पाण्यापलीकडच्या टेकडीवर दुर्बीण लावून पकडू. जागा मी सुचवली आणि चांगली मिरवत सुचवली. कार्तिक संपता संपता, आभाळ स्वच्छ झाल्यावर, आमची माणसं दोन गाड्या भरून पेट्या घेऊन आली. अंधार पडला की बिबट्याच्या भीतीनं सगळे गाडीला चिकटून उभे राहायचे. मी त्यांना हसायची. घरात आईनं आणि वहिनीनं सगळ्यांना जेवू घातलं आणि दादानं स्लॅबवर वायर ओढून दिली.

पहिल्याच संध्याकाळी टेकडीवरच्या यंत्रात नको ते कण धो धो यायला लागले. आपला कुठला आणि परका कुठला, काही कळेना. दुर्बिणीतून बघितलं तर आमच्या घराच्या अंगाला, पाण्याच्या कडेला, अख्खा तुकडा उजळलेला. वाफ्यांवर तारा ओढून बल्बच्या माळा टांगलेल्या. शेवंती होती ती. शेवंतीला रात्र मोठी मिळाली की ती कळी धरते, म्हणून आमच्याकडं शेतकरी रात्री बल्ब लावून तिला वाढत ठेवतात आणि फूल ज्या महिन्यात हवं त्याच्या अंदाजानं बल्ब बंद करतात. हे मला माहीत होतं. मी त्याच गावची आहे, माहीत नसायला काय झालं? पण त्या क्षणी मला फक्त बल्ब दिसत होते. सगळ्यांसमोर मी ठणकावून सांगितलं की दोष त्या बल्बांचाच आहे, माझ्या घरचंच शेत आहे, उद्या बंद करून दाखवते.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्यावर मी दादाला म्हटलं, आठवडाभर ते दिवे बंद ठेव. त्यानं घास मोडता मोडता मान हलवली. "तुझ्यापरीस फुलं मोठी हायत का?" एवढंच म्हणाला. मी वहिनीकडं बघितलंही नाही. ती वाढत होती. तिचा हात जरा थांबला आणि ती म्हणाली, बंद करते की, माहेरवाशिणीचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो.

आमच्याकडं हे असंच आहे. लेक माहेरी आली की तिनं मागितलेल्याला नाही म्हणत नाहीत, साडी असो नाहीतर शेवग्याच्या शेंगा. मागणाऱ्या लेकीनं म्हणून जपून मागायचं असतं. हे आईनं मला लग्नात सांगितलं होतं. मी मात्र ऑफिसात कुणाला तरी खिडकी लावून घे म्हणावं, तशा सुरात मागितलं.

वहिनी ताटं घेऊन आत गेल्यावर आईनं मला हळूच सांगितलं की तो तुकडा वहिनीचा आहे. म्हणजे सातबाऱ्यावर नव्हे, शब्दावर. तिनं दादाशी भांडभांडून तो मागून घेतला होता. दादाचं म्हणणं, टोमॅटो कर, नारायणगावचा बाजार दारात हाय, फुलांच्या नादी लागू नको. तिचं म्हणणं, एकदा माझ्या मनानं करू द्या, न्हाई जमलं तर परत तुमचंच. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या घरात काय पेरायचं ते तिला कुणी विचारलं नव्हतं. ती पहिली लागवड होती. मार्गशीर्षाच्या मध्याला दिवे बंद करायचे आणि माघात फुलं काढायची, लग्नसराई आणि ओझरची माघी चतुर्थी दोन्ही साधायचं, असा तिचा बेत होता. ऐकून मला कसंसंच झालं. पण आठवडाभरानं काय होतंय, असं मी आईला म्हटलं आणि स्वतःलाही.

त्या संध्याकाळी दिवे लागले नाहीत. पाण्याकडची बाजू काळीकुट्ट झाली. टेकडीवर मी यंत्र सुरू केलं आणि बघते तर परके कण जसेच्या तसे. डोळ्यात भरेल इतकाही फरक नाही. मग आम्ही एकेक झाकण उघडत गेलो. दुर्बिणीमागच्या बंद पेटीत, कण मोजणारा डिटेक्टर थंड ठेवणाऱ्या यंत्रावर, एक बारीक हिरवा दिवा होता. यंत्र चालू आहे हे दाखवणारा, मोहरीएवढा. ते यंत्र आदल्या दिवशी मीच बदललं होतं. असल्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावायची हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दरडावून शिकवते. पट्टी लावली आणि आकडा झरकन खाली आला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघायला मी पाणी ओलांडून दुर्बीण लावली होती, आणि मुसळ माझ्याच पेटीत.

बरोबरच्या एकानं विचारलं, मग आता घरी फोन करून दिवे लावायला सांगायचे का? बल्बांचा त्रास होता तो अगदी नावाला, रंगीत काचेच्या गाळणीतून सहज निघण्यासारखा. मी फोन हातात घेतला. खरंच घेतला होता. पण आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर केवढ्या तोऱ्यात बोलले होते ते आठवलं. आता फोन करायचा म्हणजे सगळ्यांच्या देखत सांगायचं की घरच्यांना उगाच त्रास दिला, चूक माझीच. मी म्हटलं, राहू दे, अंधार असलेला चांगलाच. आकडे अजून देखणे येतील. माझ्याशी कोण वाद घालणार?

मग ढग आले. चार संध्याकाळी काहीच झालं नाही, आणि मी टेकडीवरूनच दादाला फोन करून सांगितलं की अजून आठवडाभर तसंच असू दे. आजही मला सगळ्यात जास्त खुपतो तो हा फोन. पहिल्या वेळी मागताना मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वेळी पुरतं ठाऊक होतं. वहिनी त्या दिवसांत पाणी द्यायला अंधारात जायची, बिबट्या लांब राहावा म्हणून मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून. टेकडीवर आम्हाला पाण्यावरून ती गाणी ऐकू यायची. मी यंत्राकडं तोंड करून बसायची.

प्रयोग उत्तम झाला. चुकांचं प्रमाण इतकं कमी आलं की पुण्यात पेढे वाटले गेले. पेढा माझ्या घशाखाली उतरला, हे लपवत नाही. आम्ही निघालो त्या संध्याकाळी वहिनीनं दिवे पुन्हा लावले म्हणे. पण झाडांनी कळ्या धरल्या होत्या.

संक्रांतीला मी माहेरी गेले. तुकड्याजवळ जुन्नरचे एक चाचा टेंपो लावून उभे होते. त्यांचा फुलांचा जुना व्यापार, दादाला लहानपणापासून ओळखतात. निम्मा तुकडा फुललेला होता आणि निम्म्या झाडांवर कळ्या वेड्यावाकड्या, धड न उमलणाऱ्या. चाचा फार वाईट वाटून सांगत होते की माल झकास आहे पण पौषात आला, पौषात ना लग्न ना साखरपुडा, फूल घेऊन मी कुणाच्या दारात जाऊ? त्यांनी थोडा माल उचलला, तो केवळ ओळखीखातर. वहिनीनं त्यांना चहा दिला आणि बाकीची फुलं गुरांच्या गव्हाणीकडं नेऊन टाकली.

दादा ओट्यावर बसला होता. वाईट माणूस नाही तो. पण हरलेल्या माणसासमोर आपण बरोबर होतो हे म्हणायची हौस कुणाला नसते? तो म्हणाला, "सांगत व्हतो का न्हाई? फुलाचं तंत्र तुला जमायचं न्हाई. टोमॅटोच बरी." दिवे त्याच्याच शब्दानं बंद झाले होते हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. माझ्या शब्दानं झाले होते हे वहिनीच्या ध्यानात पक्कं होतं. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, रागानं नाही. बाईनं कामासाठी मागितलं, तिचं काम झालं, असं त्या बघण्यात होतं. मग तिनं माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि विचारलं की वन्सं, अंधाराचा उपेग झाला ना चांगला? मी म्हटलं, हो, फार झाला.

ओट्यावर तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. दादा, ते माझ्यामुळं झालं. एवढंच. मी तिळगूळ चघळत राहिले. माझं तोंड एरवी कुणाच्या बापाला भीत नाही, आणि त्या वेळी मूग गिळून बसलं. लाज वाटते मला, अजून वाटते. पुण्याला परतताना गाडीत मी रडले, पण रडून काय होतंय? वहिनीचा तुकडा त्यानं परत आला नाही. उन्हाळी टोमॅटो दादानं त्यात लावलीसुद्धा.

पुढचे कितीतरी महिने मी येडगावला गेले नाही. काम आहे, परीक्षा आहेत, काहीही सांगितलं. चोराच्या मनात चांदणं. आईचा फोन आला की मी आधी आवाजावरून अंदाज घ्यायची, वहिनी काही बोलली का म्हणून. ती काही बोलली नव्हतीच. माझ्या विद्येत चोरून बघणारा सापडतो, आणि मी दोन गाड्या भरून माणसांसमोर जे केलं ते कुणाला सापडलं नव्हतं.

परवा वहिनीचाच फोन आला. आवाज उत्साहाचा. घरामागं चार वाफे दादानं तिला दिले होते, भाजीपाल्याला म्हणून, त्यात तिनं शेवंतीची रोपं लावली होती. मग म्हणाली, "वन्सं, यंदा तुमाला अंदार कवा पायजे ते आदीच सांगा. म्या त्या बेतानंच लावते. म्हंजी तुमचं बी व्हतं आन माझं बी."

मला खुर्चीत बसवेना. मी उठून दार लावलं आणि सांगितलं. हिरव्या दिव्याचं सांगितलं, माझ्याच पेटीत होता ते सांगितलं, दुसऱ्याच संध्याकाळी कळलं होतं आणि तरी अजून आठवडा मागायला फोन मी केला, हेही. तुझ्या दिव्यांनी काही बिघडत नव्हतं, वहिनी.

"येक फोन करायचा व्हता," ती म्हणाली. "म्या पळत जाऊन लावले असते."

मला माफ कर, असं मी म्हणायला लागले. तिनं ऐकून घेतलं नाही.

"मला काय सांगता? हे इथंच बसल्यात, त्यान्ला सांगा."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा आवाज आला. मग दादा म्हणाला, "हां, बोल गं." आणि मी ते सगळं पुन्हा, पहिल्यापासून, सांगायला लागले.